सातव्या बॅचची राख

गोळीत औषध असतं चिमूटभर आणि बाकी सगळी भर असते, हे मी एम.फार्मला असताना घरी सांगितलं, तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. लातूरला आमचं किराण्याचं दुकान आहे. मालात भर घालणं हा विषयच त्यांच्यासमोर काढायचा नसतो. मी समजावून सांगितलं की एवढंसं औषध चिमटीतसुद्धा धरता येत नाही. ते दाबून गोळी व्हावी, गोळी बाटलीत फुटू नये आणि पोटात गेल्यावर मात्र सुटावी, म्हणून स्टार्च, लॅक्टोज असलं काहीबाही त्यात घालावं लागतं. त्याला एक्सिपियंट म्हणतात. वडील म्हणाले, "इंग्रजी नाव ठेवलं म्हणून काय झालं, भर ती भरच." मला राग आला. मला राग फार लवकर येतो, आणि तो ज्याच्यावर यायला हवा त्याच्यावर सहसा येत नाही.

नांदेडच्या कॉलेजात आमच्या सरांनी मला विषय दिला तो ज्वारीच्या स्टार्चचा. मका आणि बटाट्याच्या स्टार्चवर सगळ्या जगानं काम केलंय, आपल्याकडे ज्वारी पिकते, तर तिच्यावर आपण नाही तर कोणी करायचं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला फार छान वाटलं. अडचण एवढीच होती की स्टार्चची भुकटी वाहत नाही. गोळ्या पाडायच्या यंत्राच्या नरसाळ्यात ती पिठासारखी अडून बसते. मोहरी ओतली तर घरंगळते, पीठ ओतलं तर थापटावं लागतं, तसा तो प्रकार. म्हणून त्या पिठाची मोहरी करायची. त्यासाठी स्टार्च आणि लॅक्टोज पाण्यात कालवायचं, आणि तो पांढरा घोळ स्प्रे ड्रायरमधून उडवायचा.

आमचा स्प्रे ड्रायर म्हणजे माणसाच्या छातीएवढी उंच काचेची बरणी. वर बारीक तोटी, तिच्यातून घोळाचे तुषार उडतात, आजूबाजूनं गरम हवा येते, आणि थेंब काचेला लागायच्या आत वाळून त्याचे गोल कण होतात. ते खाली बाटलीत जमतात. पुस्तकात हे सगळं एका पानात होतं. माझ्याकडे पहिल्या बॅचला तोटी तुंबली. दुसऱ्या बॅचला थेंब ओलेच काचेवर जाऊन चिकटले आणि मला ते खरवडून काढावे लागले. तिसरीला भुकटी मिळाली, पण ती वाहीना. चौथी वाहिली, तर गोळ्यांची टोपी उडायला लागली, म्हणजे यंत्रातून बाहेर पडताच गोळीचा वरचा पापुद्रा सुटून हातात यायचा. पाचव्या आणि सहाव्या बॅचला मी तापमान बदललं, पाणी बदललं, ढवळायचा वेग बदलला. काय बदललं की काय होतं, हेच मला कळत नव्हतं. एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी बिघडायची, आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही याचाही पत्ता लागत नव्हता.

सरांचा स्वभाव शांत. मी चिडचिड केली की ते चष्मा काढून पुसत बसायचे. त्यांचा हट्ट एकच होता. वहीत जे लिहाल ते प्रत्यक्षात झालेलं असलं पाहिजे. मागं कधीतरी त्यांच्या एका विद्यार्थ्यानं खोलीवर बसून प्रयोगाचे आकडे लिहिले होते आणि ते भर तोंडी परीक्षेत उघडं पडलं होतं. तेव्हापासून सर आकड्यांच्या आधी माणसाकडे बघायचे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बॅच फसली तर मी सांभाळून घेईन. तुझा शब्द फसला तर मला काही करता येणार नाही." मी मनात म्हटलं, माझ्या शब्दाची काळजी कशाला, भुकटीची करा. सहावी बॅच फसल्यावर ते म्हणाले की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर विषय बदलू. विषय बदलणं म्हणजे माझं एक वर्ष पाण्यात.

लॅबमध्ये तिसरं माणूस म्हणजे मामा. किनवटकडचे, पन्नाशी उलटलेले, लॅबमध्ये काचसामान धुण्यापासून यंत्र पुसण्यापर्यंत सगळं बघायचे. ते कंत्राटावर होते. दर सहा महिन्यांनी त्यांचा कागद नवा व्हायचा आणि त्यावर सरांची सही लागायची. मी काचेवरचं पीठ खरवडत असले की ते शेजारी उभे राहून म्हणायचे, "ताई, लई मनाला लावून घेऊन राहिलात तुमी. मशीन हाय ती. तिला काय कळतंय?" मला काय कळत होतं म्हणा.

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. मामा हळदीकुंकू, झेंडूची फुलं घेऊन आले होते. आमच्या घरी हत्यारांना, तराजूला, मापांना विभूतीचे तीन पट्टे ओढतात, म्हणून आईनं माझ्याबरोबर विभूतीची वडी दिली होती. मी अर्धी वडी कागदावर कुस्करली आणि स्प्रे ड्रायरच्या खांबावर बोटांनी तीन पट्टे ओढले. आता खंडेनवमीला पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण सातव्या बॅचचा घोळ मी सकाळीच कालवून ढवळायला लावला होता आणि दसऱ्याच्या सुट्टीत तो आंबला असता. सर म्हणाले, यंत्राला सुट्टी नसते, चालव. मामांचा चेहरा उतरला. मी डबा खायला गेले, परत आले आणि यंत्र सुरू केलं.

सातवी बॅच काचेला चिकटली नाही. बाटलीत जमली ती भुकटी मी नरसाळ्यातून ओतली, तर ती अशी वाहिली की मी दोनदा नरसाळं उलटं करून बघितलं. गोळ्या पाडल्या. टोपी नाही, चीर नाही. सरांनी एक गोळी टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकली. ती टणकन उडाली आणि कपाटाखाली गेली. सर गुडघ्यावर बसून ती शोधत होते आणि मी हसत होते. नंतर त्यांनी शेजारच्या विभागातल्या दोन प्राध्यापकांना बोलावून त्या गोळ्या दाखवल्या. "ज्वारीच्या आहेत," असं ते म्हणाले, जणू शेत त्यांचंच होतं. मी घरी फोन केला आणि आईला सांगितलं की झालं माझं.

कशामुळं झालं, हे मात्र मला सांगता आलं नसतं. तेव्हा कोणी विचारलंही नाही.

आठवी बॅच मी अगदी तशीच केली. तेच वजन, तेच पाणी, तेच तापमान. टोपी उडाली. मला वाटलं हवेत दमटपणा असेल. नववी केली, ती काचेला चिकटली. मला वाटलं वीज कमीजास्त होतेय. दहावीच्या वेळी मी नवी ज्वारी आणून नव्यानं स्टार्च काढला, रात्रभर निवळत ठेवला, धुऊन वाळवला, चाळला. दहावी आठवीपेक्षाही वाईट. मी वही उघडून सातव्या बॅचचं पान शब्द न् शब्द वाचायची. त्यात मीच लिहिलेलं होतं आणि तरी ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं वाटायचं. एकदा तर मी त्या दिवशी घातलेले कपडे घालून गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दहाव्या बॅचनंतर सरांनी वही मागितली. सातव्या बॅचच्या पानावर ते बराच वेळ थांबले. शाई बघितली, खाडाखोड बघितली. मग चष्मा काढला.

"सातवी झाली होती ना खरंच?"

"सर, तुमच्यासमोर गोळी टाकली होती ना खाली."

"गोळी मी बघितली. ती कशाची होती ते बघितलं नाही." त्यांनी कपाटाकडे बघितलं. तिथं कंपनीकडून आलेला तयार स्प्रे ड्राय केलेल्या लॅक्टोजचा डबा होता. त्याच्या गोळ्या कशाही दाबा, उत्तमच होतात.

माझे कान तापले. मी आठ महिने पीठ खरवडलं होतं, आणि हा माणूस मला विचारत होता की मी डब्यातलं काढून ज्वारीचं म्हणून दाखवलं का. सर्वांत वाईट हे की मला त्यांचा राग नीट येईना. कारण दहाव्या बॅचनंतर मलाही स्वतःबद्दल खात्री उरली नव्हती. चुकून घेतला असेल का मी तो डबा? बाटल्या तर सारख्याच दिसतात.

सातव्या बॅचची थोडी भुकटी उरली होती. तिच्यात आयोडीनचा थेंब टाकला, तर ती निळीशार झाली. म्हणजे स्टार्च होता, डब्यातलं लॅक्टोज नव्हतं. मला रडू आलं, पण सर म्हणाले, एवढ्यानं भागणार नाही, सातवी आणि आठवी दोन्ही जाळून बघ. भट्टीत दोन मुशी, म्हणजे जाळायच्या चिनीमातीच्या वाट्या, ठेवल्या. स्टार्च आणि लॅक्टोज दोन्ही जळून जातात, मागं काही राहत नाही. आठवीची मूस जवळजवळ रिकामी निघाली. सातवीच्या मुशीत पांढरी राख होती. नुसती डाग पडण्याएवढी नाही, चांगली चिमटीत येईल एवढी.

आता तर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. सरांचाही थोडा झाला असावा, कारण ते दोनदा भट्टीजवळ येऊन गेले. शेवटी म्हणाले, "यात काहीतरी पडलंय. मातीसारखं, खनिज. बारीक खनिज असेल तर ते कणांच्या मध्ये बसून भुकटी वाहती करतं, हे पुस्तकात आहे. पण ते आलं कुठून? दिवाळीहून परत आलीस की मला सांग. आणि लॅबमधल्या कोणी तुझ्या घोळाला हात लावला असेल, तर तो माणूस मला पुन्हा इथं दिसता कामा नये."

दिवाळीला लातूरला निघाले तेव्हा अहमदपूरपर्यंत एसटीत मी याचाच विचार करत होते. ज्वारीत माती? पण ज्वारी धुतली होती. पाण्यातला क्षार? पाणी शुद्ध केलेलं होतं. लोह्याला बस थांबली, लोक चहा पिऊन आले, बस सुटली आणि मी त्याच प्रश्नावर होते. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "कशी आहे तुमची भर?" मी ताट ढकलून उठले. वडील आईला म्हणाले की बाईनं अभ्यास जास्त केला की असं होतं. आई त्यांच्यावरच ओरडली.

पाडव्याला सकाळी आईनं पूजा उरकली. देवापुढच्या वाटीत थोडी विभूती सांडून उरली होती. आईनं ती बोटानं गोळा केली, तांब्यातल्या पाण्यात सोडली आणि तो तांब्या झाडाच्या मुळाशी ओतला. जन्मापासून मी हे बघत आलेय. देवाचं उरलेलं केरात टाकायचं नसतं, मोरीत नाही, पायदळी येईल असं कुठंच नाही. पाण्यात सोडायचं. मी दारात उभी होते ती तशीच उभी राहिले. खंडेनवमीच्या दिवशी कागदावर कुस्करलेल्या विभूतीचं पुढं काय झालं, हे मला आठवेना. मी तो कागद उचललाच नव्हता.

सुट्टी संपल्यावर मी सरांच्या आधी लॅबमध्ये गेले. मामा चंचुपात्रं पुसत होते.

"मामा, पूजेच्या दिवशी कागदावर विभूती राहिली होती. ती कुठं टाकली?"

"तुमच्या त्या दुधात," मामा म्हणाले. घोळाला ते दूधच म्हणायचे. "हाव, म्याच टाकली. केरात कशी टाकणार? अन् ताई, खंडेनवमीला हत्यार चालवत न्हाईत. साहेब म्हनले चालवा, आता साहेबांना कोन बोलनार? म्हनलं काई इपरीत व्हायला नको. पांढऱ्यात पांढरं, कुनाला दिसून राहिलंय. अन् बगा, झालं का न्हाई तुमचं काम?"

ते हसत होते. त्यांनी माझं भलंच केलं होतं अशी त्यांची खात्री होती. मला हसावं की डोकं धरून बसावं ते समजेना. या माणसानं माझी बॅच बिघडवली होती की घडवली होती? देवाच्या भीतीनं टाकलेल्या चिमूटभर राखेमुळं ज्वारीचं पीठ वाहायला लागलं होतं, आणि ती राख टाकली नसती तर मला सातवी बॅच मिळालीच नसती, आणि टाकली नसती तर सरांनी मला लबाड समजलं नसतं. एकाच गोष्टीचे आभार मानावेत की तिच्यावर ओरडावं? मी दोन्ही केलं नाही. "मामा, हे कोणाला बोलू नका," एवढंच म्हटलं. ते का, म्हणून मामांनी विचारलं नाही. नुसती मान हलवली.

सर आले. मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. जाताना माझ्या मनात काय होतं हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, कारण ते मला तेव्हाही स्पष्ट नव्हतं. मामांचा कागद पुढच्याच महिन्यात नवा व्हायचा होता. सर म्हणाले, "सापडलं?"

"विभूती होती सर. पूजेची उरलेली. मी टाकली."

सरांनी पेन खाली ठेवलं. "तू?"

"आमच्याकडे केरात टाकत नाहीत. पाण्यात सोडतात. माझ्या लक्षातच आलं नाही की ते पाणी नाही, घोळ आहे."

मला वाटलं ते ओरडतील. ते हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले. मग गंभीर होऊन म्हणाले की चूक मोठी आहे, पण तू स्वतःहून येऊन सांगितलंस, हे मी विसरणार नाही. "मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलंच माझं." एवढा मोठा माणूस माझी माफी मागत होता आणि मी मान खाली घालून उभी होते. मला बरंही वाटत होतं आणि लाजही वाटत होती. आधी खरं बोलत होते तेव्हा त्यांना पटलं नाही आणि आता खोटं बोलले तर लगेच पटलं.

तिथून पुढचं काम सुरळीत झालं. विभूतीच्या जागी औषधाला चालेल असं शुद्ध खनिज घेतलं, ते किती घालायचं हे मोजून ठरवलं, आणि हळूहळू भुकटी वाहू लागली. सातवीएवढी छान एकही बॅच झाली नाही, पण गोळ्यांची टोपी उडायची थांबली. प्रबंध लिहिताना सर कुठंही अडले नाहीत. मी आकडा सांगितला की ते लिहून घ्यायचे, वही मागायचे नाहीत. हे मला पूर्वी किती हवं होतं. आता ते वही मागत नाहीत याचंच ओझं वाटायचं, आणि असं का वाटावं तेही कळत नव्हतं, कारण बाकीचे सगळे आकडे खरे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. वयस्कर, कडक. त्यांनी प्रबंध चाळला आणि एका पानावर बोट ठेवलं.

"सातवी बॅच वगळली आहे. का?"

मी पाठ केलेलं सांगितलं. माझ्या निष्काळजीपणामुळं घोळात बाहेरचं खनिज पडलं, म्हणून ती बॅच मोजणीत धरलेली नाही.

"काय पडलं?"

"विभूती."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "म्हणजे एम.फार्म करणारी मुलगी औषधाच्या घोळात राख सोडते, आणि वर हे लिहिते. उद्या कारखान्यात गेल्यावर काय काय सोडशील? तुला पदवी द्यावी कशाला?"

सर माझ्या बाजूनं बोलायला लागले. म्हणाले की चूक तिची आहे, पण ती स्वतः येऊन कबूल झाली, आणि माझ्या मते या मुलीचा शब्द हाच या प्रबंधाचा आधार आहे. ते खूप मनापासून बोलत होते. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मामांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि ते तिथंच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"साहेब, ताईला बोल लावू नका. इभूत म्या टाकली व्हती. ताई तवा जेवाया गेल्ती. तिला ठावं बी नव्हतं, दिवाळीनंतर म्या सांगितलं तवा कळलं. काय करायचं ते मला करा. ताई कदी खोटं बोलत न्हाई."

खोलीत कोणी चहाला हात लावला नाही. परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सरांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काय विचारायचं आहे ते मला कळलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला उत्तर देताना काही गोंधळ झाला नाही.

"मामा खरं सांगतायत," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मामांना त्यांनी हळूच सांगितलं, तुम्ही जा, तुमचं काही नाही. मग ते परीक्षकांकडे वळले आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "मला थोडा वेळ द्यावा लागेल. तिच्या वह्या मी पुन्हा बघतो. पहिल्या बॅचपासून सगळ्या."

त्यांचं बरोबरच होतं.